आमच्या घरात टाकाऊ काही नाही

(द्वितीय वर्ष, कला)

स्नेहसंमेलन जवळ आलं की सूचनाफलकावर स्पर्धांची यादी लागते. रांगोळी, मेंदी, पुष्परचना यांच्या पाठोपाठ त्या यादीत एक नाव हमखास असतं : ‘टाकाऊतून टिकाऊ’. शाळेत कार्यानुभवाच्या तासालाही ते होतंच. आपल्यापैकी फारच थोड्यांची त्यातून सुटका झालेली असेल. नाव मोठं गोंडस आहे, यमकही छान जुळलेलं आहे. पण ते ऐकलं की माझी पंचाईत होते. त्यातला दुसरा शब्द मला कळतो, पहिला कळत नाही. टाकाऊ म्हणजे नक्की काय?

आमच्या घरात शोधायला गेलं तर टाकाऊ असं काही सापडतच नाही. तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागते. वह्यांची उरलेली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून त्यांची नवी वही होते. बारावीपर्यंत माझी गणिताची कच्ची वही अशीच असायची. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर किराण्याची यादी लिहिली जाते. वर्तमानपत्राची रद्दी किलोवर जाते. माझे वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो) मार्केट यार्डात हमाली करतात. फाटकं पोतं म्हणजे कचरा असं लोकांना वाटतं, पण यार्डात तसं नसतं. फाटक्या बारदानालाही भाव असतो, ते शिवून पुन्हा वापरात येतं. कपड्यांचं तर विचारूच नका. लुगडं विरलं की त्याची वाकळ होते, वाकळ विरली की पायपुसणं आणि पायपुसण्याचं पोतेरं. पोतेऱ्याचं पुढे काय होतं ते मी अजून पाहिलेलं नाही. बहुधा ते झिजून झिजून जमिनीतच मुरत असावं!

अशा घरातून मी रंग आणि कागद यांच्या नादाला लागले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे कुणी काय शिकावं याबद्दल घरात फारशा ठाम समजुती नव्हत्या. हा त्यातला फायदा. तोटा असा, की रंगांच्या बाटलीवर पैसे खर्च करावेत हे कुणाला समजावून सांगणं अवघड. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी शाळेत दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं रीतसर केलं. आम्हां तिघी मैत्रिणींत पोस्टर रंगांची एकच पेटी होती. पेटीतला पांढरा रंग सर्वांत आधी संपतो, हे चित्रकलेतलं माझं पहिलं ज्ञान. पांढरा प्रत्येकाला लागतो. फिकं करायला, झाकायला, उजेड दाखवायला. पेटीत मात्र तो बाकीच्या रंगांएवढाच दिलेला असतो.

या पांढऱ्यानंच मला प्रयोगाला लावलं. बाटली संपली तेव्हा मी चुना लावून पाहिला. तो वाळल्यावर झकास पांढरा दिसला, पण बोट फिरवलं की बोटावर आला. मग तांदळाचं पीठ कालवून पाहिलं. वारली बायका लग्नघरी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर बांबूच्या काडीनं चित्रं काढतात ती तांदळाच्या पिठानंच. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणि कापडावर नेऊन जगभर पोचवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण नुसतं पीठ टिकत नाही. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, म्हणून त्यात डिंक घालतात. इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. रंग म्हणजे नुसती पूड नव्हे. रंग म्हणजे पूड आणि तिला धरून ठेवणारा चिकटा. जलरंगात तो डिंक असतो, तैलरंगात जवसाचं तेल आणि ॲक्रिलिकमध्ये एक प्रकारचं प्लॅस्टिक. म्हणून पोस्टर रंग वाळल्यावरही ओल्या बोटानं सुटतो आणि ॲक्रिलिक एकदा वाळला की सुटत नाही. ब्रशातला तर मुळीच नाही!

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. पाठकोऱ्या कागदांची, दाभणानं शिवलेली. तिच्यात मी तुकडे चिकटवते, खाली तारीख घालते आणि काही महिन्यांनी, विशेषतः पावसाळा उलटल्यावर, काय झालं ते लिहिते. तिच्यातल्या काही नोंदी इथं देते, कुणाला उपयोग झाला तर झाला.

गव्हाच्या पिठाची खळ : स्वस्त आणि कागदावर उत्तम बसते. पण तिला कसर लागते, झुरळंही येतात. आमच्या ओळखीचे बाइंडिंगवाले काका खळीत मोरचूद घालतात, ते यासाठीच. मोरचूद विषारी असतं, हात धुवायला विसरू नये.

बाभळीचा डिंक : उन्हाळ्यात तडकतो, पावसाळ्यात ओलसर होतो. हा ऋतूप्रमाणे स्वभाव बदलतो.

फेविकॉल : १९५९ साली बाजारात आलेला हा पांढरा गोंद सुतारांसाठी होता, आता शाळेच्या दप्तरापर्यंत पोचला आहे. पातळ कागदाला जसाच्या तसा लावला तर सुरकुत्या पडतात, कारण गोंदातल्या पाण्यानं कागद फुगतो. थोडं पाणी घालून, कागदाच्या मधून कडेकडे फडक्यानं दाबत जावं. पुठ्ठा एका बाजूनं चिकटवला की वाकतो. पाठीमागूनही एक कागद लावला तर दोन्हीकडची ओढ सारखी होऊन तो सरळ राहतो. वर वजन म्हणून पाटा ठेवावा.

हळद : सुंदर पिवळी. चुन्याची निवळी लागली की लाल होते, कुंकवाचं मूळ त्यातच. पण उन्हात ठेवली तर काही दिवसांत उडून जाते. गेरू मात्र उन्हाला दाद देत नाही. एक झाडाचा रंग आणि एक मातीचा, असा तो फरक.

वर्तमानपत्र : आज पांढरं, वर्षानं पिवळं. लाकडाच्या लगद्याचा हा कागद उजेडात पिकतो. चित्रात पिवळेपणा हवा असेल तरच वापरावं.

रांगोळी : शिरगोळ्याची पूड चहाच्या गाळणीनं ओल्या फेविकॉलवर भुरभुरली की हुबेहूब भिंतीचा पोत येतो.

गोणपाट : नुसतं ठेवलं तर सगळा रंग पिऊन टाकतं. आधी खडूची पूड आणि फेविकॉल एकत्र करून त्याचा हात द्यावा. परदेशातले चित्रकार फळीवर खडू आणि सरस यांचा असाच थर देत आणि त्याला गेसो म्हणत, हे नंतर वाचलं. आमच्याकडे भिंत सारवल्याशिवाय चुना लावत नाहीत, तशातलाच तो प्रकार.

एवढं सगळं झाल्यावर ग्रंथालयात एका पुस्तकात पिकासोचं एक चित्र पाहिलं. १९१२ सालातलं. त्यात खुर्चीची वेताची जाळी आहे. पण ती रंगवलेली नाही, जाळीचा छाप असलेलं मेणकापड आणून सरळ चिकटवलेलं आहे, आणि चौकटीच्या जागी भोवतीनं दोर गुंडाळलेला आहे. इथून कोलाज म्हणजे चिकटचित्र युरोपातल्या मोठ्या चित्रकलेत शिरलं असं मानतात. मी त्या पानावर बराच वेळ थांबले. मेणकापड आणि दोर! आबांच्या खांद्यावरचं सामान चित्रात गेलं होतं.

त्याच पुस्तकात शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींबद्दल होतं. १९५०च्या दशकात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पण त्यांनी काम सोडलं नाही. ते कागद कापून, हातानं चाचपून चिकटचित्रं करत राहिले. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. हे वाचल्यावर मी एके रात्री डोळे मिटून माझे सगळे तुकडे हातात घेऊन पाहिले. पतंगाचा कागद कोणता, घोटीव कागद कोणता, सुताडा कोणता आणि गोणपाट कोणतं, सगळं कळत होतं. सामान आधी हाताला कळतं आणि मग डोळ्यांना.

आमची आई तर हे कुणी न सांगताच करत आली आहे. ती लोकांच्या वाकळा शिवते. खाली एक लुगडं, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, वर तुकडे. कडेपासून धावदोरा घालत घालत ती आत सरकते. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता बसेल, कुठलं कापड धुतल्यावर आटेल, कुठलं रंग सोडेल, हे ती बोटांत धरून पाहते आणि सांगते. माझ्या वहीत जे नोंदलं आहे ते तिच्या हातात आहे. फरक एवढाच, की मी रंगाची एक ट्यूब विकत घेते तेव्हा तिच्या अर्ध्या दिवसाच्या शिलाईचे पैसे जातात. हा हिशेब मी कधी विसरत नाही आणि विसरूही नये असं मला वाटतं.

मागच्या वर्षी मी एक चित्र करायला घेतलं. दारात बसलेली माझी आजी. ती दोन वर्षांपूर्वी गेली. आबांनी यार्डातून एक फाटकं बारदान पैसे देऊन आणलं. ते धुऊन, ताणून त्यावर मी खडूचा हात दिला. भिंत गेरूची आणि रांगोळीची झाली. उंबऱ्याला जुन्या पेटीची पातळ फळी चिकटवली. तुळशीचा डबा खऱ्याच डब्याच्या पत्र्याचा कापून बसवला. राहिलं फक्त आजीचं लुगडं. ते मी ॲक्रिलिकनं तीनदा रंगवलं. हिरवा जमला, काठाचा लालही जमला. पण आजी काही येईना. तिथं लुगडंच पाहिजे होतं.

आजीची बरीचशी लुगडी वाकळांत गेली होती. एकच इरकली लुगडं ट्रंकेत राहिलं होतं, आणि तेही उगीच राहिलं नव्हतं. माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी आली होती आणि आई त्या लुगड्याचं दुपटं शिवणार होती. नव्या बाळाच्या अंगाखाली जुनं, मऊ झालेलं लुगडंच घालतात. नवं कापड त्याला टोचतं. शिवाय त्यात घरच्या म्हातारीची ऊब असते, असं आई म्हणते.

मी लुगडं मागितलं तेव्हा आई रागावली नाही. तिनं सुई दोऱ्यात अडकवून ठेवली आणि विचारलं, “तुझं चित्तर काय करनार?”

“भिंतीवर राहील. आजी दिसेल.”

“आन् हे बाळाला हुईल. आजी लागंल त्येच्या अंगाला.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “धुता येतंय का गं तुझं चित्तर?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कलेच्या पुस्तकांत मी हा प्रश्न कुठं वाचलेला नाही. पण आमच्या घरात कापडाची किंमत याच प्रश्नावर ठरते. जे धुता येतं ते पुन्हा वापरता येतं. जे धुता येत नाही ते एकदा मळलं की संपलं. पोटाला चिमटा घेऊन वस्तू टिकवणाऱ्या बाईनं आपल्या लेकीच्या कलेला विचारलेला तो सरळ प्रश्न होता : तुझी गोष्ट किती दिवस पुरेल, आणि कुणाला?

त्या दिवसांत इतिहासाच्या तासाला अजिंठा चालू होता. तिथल्या खडकावर आधी मातीचा गिलावा आहे आणि तो धरून राहावा म्हणून त्यात गवत आणि भाताची तुसं घातलेली आहेत. त्यावर पांढरा पातळ थर आणि त्यावर रंग. बहुतेक रंग मातीचे, आसपासचे. पण काही चित्रांतला निळा लाजवर्द या दगडाचा आहे आणि तो दगड अफगाणिस्तानाकडून आलेला. म्हणजे एकाच भिंतीत खाली उखळातली तुसं आणि वर परदेशाहून आलेलं मोलाचं रत्न! सर पुढे निघून गेले, मी मात्र त्या तुसापाशीच थांबले. तूस नसतं तर गिलावा तडकला असता आणि लाजवर्द कशावर बसला असता? चित्रात एकदा गेल्यावर कोण महाग आणि कोण स्वस्त हे उरतच नाही. कोण कुणाला धरून आहे, एवढंच उरतं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. तुसाचं तिला मुळीच नवल वाटलं नाही. “भिताडाला तूस घालायचंच,” ती म्हणाली, “न्हाईतर भेगा पडत्यात.” मग तिनं ट्रंक उघडली, लुगडं पसरलं आणि विरलेला भाग कुठं आहे, धड कुठं आहे ते उजेडात धरून पाहिलं. काठाच्या बाजूची वीतभर पट्टी तिनं मोजली, कात्रीनं कापली आणि माझ्या हातात दिली.

“दुपटं तेवढं कमी पडलं तर माझ्या पातळाचं लावीन. पर येक ऐक. चिकटवू नगंस. खळीनं लुगडं कडक हुतंय. टाका घाल.”

मी फेविकॉलची बाटली बाजूला ठेवली. गोणपाटातून सुई सहज जाते, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. दोन रात्री बसून धावदोऱ्यानं ते लुगडं आजीला नेसवलं. चिकटवलं असतं तर ते सपाट बसलं असतं. शिवल्यामुळे त्याला चुण्या पडल्या, खऱ्या निऱ्यांसारख्या. आई मधून मधून बघून जायची. एकदा तिनं सुई माझ्या हातातून घेतली आणि खांद्यावरचा पदर स्वतः घातला. “म्हातारी असा न्हवती घेत, असा घ्यायची.” त्या चित्रात जे काही बरं आहे ते त्या पदरात आहे.

चित्र मी स्पर्धेत देणार होते. प्रवेशपत्रिकेत नाव आणि वर्ग यांच्या खाली एक रकाना होता : ‘वापरलेली टाकाऊ वस्तू’. मी पेन घेऊन थांबले. बारदान लिहू? ते आबांनी पैसे देऊन आणलं होतं. डब्याचा पत्रा? त्यात तुळस लागली असती. लुगडं? त्या रकान्यात आजीचं लुगडं लिहायला माझा हात वळेना. माझ्या पुढच्या मुलीनं ‘आइस्क्रीमच्या काड्या’ असं लिहिलं होतं. काड्या सुंदर होत्या, एकसारख्या, कोऱ्या करकरीत. दुकानातून पाकीटच आणलं होतं तिनं. तिला हसावं असं मला वाटत नाही. तिच्या घरात काड्या टाकाऊ असतात, माझ्या घरात त्या कधी आलेल्याच नाहीत. दोघींची पंचाईत एकाच शब्दानं केली होती. रकाना कोरा चालत नव्हता. मी पत्रिका परत दिली आणि चित्र गुंडाळून घरी आणलं.

यात स्पर्धेचा दोष काढायचा नाही. मला एवढंच सुचवायचं आहे, की त्या रकान्यातला एक शब्द बदलावा. ‘वापरलेली वस्तू आणि ती कुठून आली’ असं विचारावं. म्हणजे काड्यांचं पाकीटही खरं सांगता येईल आणि लुगडंही. कदाचित त्या रकान्यांतच प्रदर्शनातल्या वस्तूंपेक्षा अधिक वाचण्यासारखं काही सापडेल.

बहिणीला मुलगा झाला. दुपटं पुरलं, आईच्या पातळाची एक पट्टी त्याला लागली. ते रोज धुतलं जातं आणि अंगणातल्या दोरीवर वाळतं. चित्र आत भिंतीवर आहे, बाळाला निजवतात त्याच्या समोर. एकाच लुगड्याचे हे दोन तुकडे, आपापलं काम करताहेत.

पण आईचा प्रश्न मला सोडवायचा होता. या पावसाळ्यात मी बारदानाचा एक लहान तुकडा घेतला. त्याला खडूचा हात दिला, थोडा पोस्टर रंग लावला, थोडा ॲक्रिलिक, आणि चिंधीचा एक तुकडा चिकटवला, एक शिवला. वाळल्यावर तो तुकडा साबणानं तीनदा धुतला. वहीत नोंद अशी आहे : पोस्टर रंग पहिल्याच धुण्यात गेला. खडूचा थर दुसऱ्या धुण्यात सुटू लागला, आणि खाली खडू होता तिथला ॲक्रिलिकही त्याच्याबरोबर आला. नुसत्या गोणपाटावर लावलेला ॲक्रिलिक राहिला. चिकटवलेली चिंधी कडेनं उचलली. शिवलेली जशीच्या तशी.

रात्री जेवणं झाल्यावर मी ही नोंद आईला वाचून दाखवली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली,

“मंग पुढच्या खेपंला खडू नगं लावू.”